आमच्या संघाची पहिली गाडी

बापू, रविवारी आमची गाडी पहिल्यांदा शर्यतीत धावली. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की मी काय काम करते, तेही आता पहिल्यापासून सांगावं लागेल. इकडे इंग्लंडमध्ये ग्रां प्रीच्या, म्हणजे मोटारींच्या मोठ्या शर्यतींसाठी एक नवा संघ उभा राहिला. मी आले तेव्हा नुसती शेड होती, मशीनसुद्धा यायची होती. दोन वर्षं आम्ही सगळे एका गाडीसाठी राबलो. तिच्यात एकाच माणसाची जागा, वर टप नाही, मागं डिकी नाही. तुम्ही पाहिली असती तर म्हणाला असता, "अन् पॅसिंजर कुठं बसवायचे?" तिचे ब्रेक सांभाळायचं काम माझ्याकडे आहे.

मला लायसन मिळालं तो दिवस आठवतो. सेनगावच्या स्टँडवर तुमची काळीपिवळी जीप पॅसिंजरनं भरली आहे आणि तुम्ही किल्ली माझ्या हातात देता. स्वतः मागं जाऊन बायकांच्या गर्दीत बसता, कुणाची तरी पिशवी मांडीवर घेऊन. "मामा, पोरगी चालवून राहिली व्हय?" एक मावशी विचारते. तुम्ही म्हणता, "येतंय तिला. बसा निवांत." पुसेगावला सगळे उतरले. परत येताना रस्ता मोकळा होता, तूर दोन्हीकडं फुलली होती, मी गाडी पळवली. तुम्ही क्वचित आवाज चढवायचात. त्या दिवशी चढवला. "काहून पळवून राहिली?" मी म्हणाले, "रिकामीच तर हाय गाडी, बापू." तुम्ही म्हणालात, "तू हायस की आत." मग स्टँड येईपर्यंत मी गाडी सावकाश आणली.

नांदेडला कॉलेजात होते तेव्हा फोन आला. मी पोचले तोवर तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. त्या दिवशी गाडीत तुमच्या शेजारच्या सीटवर बसलेली बाई माझा हात धरून सांगत होती, "गाडी कडंला घेतली बापूनं. हँडब्रेक ओढला. अन् मग मान टाकली. आमाला वाटलं, डोळा लागला. आमच्यात कुणाला खरचटलंबी न्हाई, लेकरा." लोक तुमचं कौतुक करत होते. मला मात्र राग येत होता. ती शेवटची ताकद स्वतःसाठी न ठेवता तुम्ही हँडब्रेकला का घातलीत, असं मला वाटत होतं. असं वाटल्याची लाज अजून जात नाही.

रविवारी आमची गाडी सगळ्यात मागून सुटली. तरी पिटमध्ये, शर्यतीत गाड्यांची देखभाल होते तिथं, आमचे लोक रडत होते, सुटली एवढ्यानंच. शर्यत अर्ध्याच्या पुढं गेली, आणि माझ्या पडद्यावर पुढच्या डाव्या चाकाच्या ब्रेकची तबकडी झिजल्याचं दिसू लागलं. तिच्या जाडीचा आकडा प्रत्येक फेरीला खाली येत होता. तबकडी फुटली तर त्या वेगात गाडी वळणावर थांबत नाही. आमचे साहेब म्हणाले, "शेवटपर्यंत जाईल का?" सगळ्यांना तेवढंच हवं होतं, पहिली गाडी शेवटपर्यंत. मी म्हणाले, "सांगता येत नाही. थांबवा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि थांबवायला सांगितलं. गाडी गवताच्या कडेला उभी राहिली. आतला पोरगा उतरला आणि हेल्मेट न काढता चालत आला.

संध्याकाळी चाक उघडलं. तबकडी जाड होती. शेवटपर्यंत सहज गेली असती. सेन्सर खोटं दाखवत होता. तबकडी हातात धरलेल्या मेकॅनिकनं ती हळूच कापडात गुंडाळली, माझ्याकडं न बघता. तो चालवणारा पोरगा माझ्या शेजारी येऊन बसला. "मग थांबवलं ते चुकलं का?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "आता बघितलं तर चुकलं. तेव्हा नाही." बाहेर ट्रकमध्ये सामान चढत होतं. मला तुमची फार आठवण आली, बापू. तुम्ही कडेला घेतलेल्या गाडीतून सगळे सुखरूप उतरले, आत एकच माणूस राहिला, आणि तो तुम्ही होता.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार. पण कुणाला तरी खरं सांगायचं होतं. काल आईचा फोन आला. तिला शर्यतीतलं काही कळत नाही. पहिली आली का, कितवी आली, असलं काही तिनं विचारलं नाही. "पोचली का गं तुमची गाडी?" एवढंच म्हणाली.

हेल्मेटसकट चालत आलेला तो पोरगा मला आठवला. मी म्हणाले, "व्हय, आई. पोचली."