मंजूचं खरं वय

अर्जुनी मोरगाव
१२ जानेवारी २०२५

चि. मंजू हिस परसरामदादाचे आशीर्वाद. इकडे सारे बरे, तुझंही बरं असो.

या साली माझ्या हातानं झालेली कामं लिहितो. तलावाचं पाणी सोडायचं जे तुडूम, त्याला नवा सागवानी दट्ट्या बसवला. थेंब गळत नाही. जुन्या कुलरची मोटर लावून धान उडवायचा पंखा केला. देवळाच्या दाराची चौकट केली, चारही कोन गुण्यात, अर्धा सूत फरक नाही. हे सातवी पास माणसानं, कोणाच्या हाताखाली न राहता. तुझी सुलोचना वहिनी म्हणते, मंजूले हे कायले लिहिता, तिले का विमानाले दट्ट्या लावाचा आहे? तिला म्हटलं, जिला कळते तिलाच लिहितो.

आता तुझं. दोन कंपन्या एक झाल्या, विमानातल्या बायांची नवी यादी लागली, एवढं बोललीस आणि विमान सुटून राहिलं म्हणून फोन ठेवलास. फोनवर गोष्ट अर्धीच कळते. यादीत वर कोण आणि खाली कोण, हे कशावरून ठरते ते कागदावर नीट लिही.

मोठ्या भावाला उत्तराची वाट पाहायला लावू नको.
परसराम


मुंबई
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप दादास मंजूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

दट्ट्याचं वाचून बरं वाटलं. वहिनीला सांग, मला सगळं समजलं.

यादीचं असं आहे. आमच्यात वयाला मान नाही, रुजू झाल्याच्या तारखेला आहे. ज्यांनी आमची कंपनी घेतली, त्यांच्या मुली जुन्या धरल्या. आम्ही सगळ्या एकाच तारखेला नव्यानं रुजू झालो असं लिहिलं. माझी एकोणीस वर्षं त्यात गेली. टीना सव्वीस वर्षांची आहे, ती आता माझी मुख्य. ती पुढच्या दारात उभी राहून लोकांना नमस्कार करते, मी मागं जेवणाच्या गाड्या भरते. पोरगी वाईट नाही. ताई म्हणते, आणि ताईलाच संडास बघायला पाठवते.

आमची तारीख सारखी, म्हणून आमच्या आमच्यात जिचं वय जास्त ती वर. माझ्यासोबतची रीता कागदावर माझ्याहून एका वर्षानं मोठी, ती वाचेल. तळच्या बायांचा करार पुढं वाढणार नाही म्हणतात, आणि मी तळाशी आहे. मला हे एकच काम येते, दादा.

तू काळजी करू नको. काही करूही नको. माया आहे तशी राहू दे.
मंजू


अर्जुनी मोरगाव
२० फेब्रुवारी २०२५

चि. मंजूस आशीर्वाद.

जिचं वय जास्त ती वर, हा नियम मला पटला. आपल्या तलावाचंही तेच. दोघा भावांचे हिस्से एकाच दिवशी पडले, तर थोरल्याच्या धानाच्या बांधीत पाणी आधी. धाकटा तलावाच्या पाळीवर बसून राहते.

मग तू खाली काऊन? कागदावर तू १९८७ ची. बाबांनी शाळेत नाव घालताना गुरुजींना सांगून तीन वर्षं कमी लावली, पुढं सरकारी नोकरीला वय पुरावं म्हणून. गावात सारेच लावत. तू जन्मलीस १९८४ च्या तान्ह्या पोळ्याला. मी नऊ वर्षांचा, लाकडी नंदी ओढत घरी आलो तर तू आईच्या कुशीत. म्हणजे रीता तुझ्याहून लहान झाली.

तहसिलीत चकरा मारून कोतवाल पंजीतल्या जन्मनोंदीची नक्कल काढली. तिथला केवलराम बाबू म्हणे, कायले उकरून राहिले भाऊ, वय कमी आहे ते बरंच आहे ना. त्याला म्हटलं, माप चुकलं की चौकट चुकते. नक्कल आणि स्वतःच्या हातानं लिहिलेला अर्ज तुझ्या मुख्य कचेरीला रजिस्ट्रीनं गेला आहे. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हटली असतीस.

वर गेलीस की कळव.
परसराम


मुंबई
१४ मार्च २०२५

तीर्थरूप दादास नमस्कार.

मला कचेरीत बोलावलं. साहेबबाई माझ्याहून लहान, गोड बोलणारी. तिनं तुझ्या अक्षराचं कौतुक केलं, असा नेटका अर्ज पाहिला नाही म्हणाली. मग नव्या कराराची अट वाचून दाखवली. चाळीस पूर्ण झालेल्या बाईला विमानात ठेवत नाहीत. कागदावर मी सदतीसची होते, दादा. तळाशी होते, पण होते.

ही अट मी तुला लिहिली नव्हती. केस रंगवते हेही कुठं लिहिलं होतं. आता वय लपवलं म्हणून विमानतळावरचं खालचं कामही देत नाहीत. शेवटच्या फेरीला टीनानं मला पुढच्या दारात उभं केलं. उतरताना एका म्हातारीनं विचारलं, बाई, तू नवी आहेस का.

राग आला नाही असं नाही. पण तुझ्या दाराशिवाय जाऊ कुठं? महिनाअखेर खोली सोडते. तिकडं काही काम मिळत असेल तर बघ. कोणतंही चालेल, खरंच कोणतंही.

वहिनीला सांग, रागावू नको.
मंजू


अर्जुनी मोरगाव
२३ मार्च २०२५

चि. मंजूस आशीर्वाद.

पत्र पोचलं. वहिनी माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते आणि आत जाते. मी लिहिलेलं एक अक्षर खोटं नव्हतं, हे आजही म्हणतो. पण जेवण जात नाही. तुझ्या खोलीला पूर्वेकडं खिडकी पाडून राहिलो.

कामाचं म्हणशील तर गोंदियाचा वीरेंद्र परवा घरी आला होता. विमानातल्या नोकरीचा क्लास चालवते. मंजूताईचा गणवेशातला मोठा फोटो बिरसी विमानतळाच्या रस्त्यावर लावतो, ताईले पोरींना शिकवाले पाठवा म्हणे. एकच अट. फलकावर वय बत्तीस लिहायचं, पोरींनी विचारलं तरी तेच सांगायचं. चाळिशीची मॅडम पाहून पोरी येत नाहीत म्हणे. वहिनीनं दाराआडून हो म्हणा अशी खूण केली. मी म्हटलं, खोटं वय लिहिलं तिथूनच हे सारं झालं, आता एक महिनाही इकडचा तिकडं होणार नाही. तो म्हणाला, भाऊ, ताईला विचारून तर पहा. मी विचारलं नाही. अंगणातूनच त्याला परत पाठवला, आणि काल त्यानं दुसरी बाई ठेवली.

सामान मोजून आण. स्टेशनवर मी आहे.
परसराम

ता. क. तू विचारशील म्हणून लिहून ठेवतो. महिन्याचे तीस हजार देत होता.