काल फाइल तुटली नाही

यशवंतपूर, बेंगळूर
शुक्रवार, १२ जुलै २००२

ती. बाबांना सिद्धीचा नमस्कार.

मी मजेत आहे. डबा अजून समोरच्या अक्कांकडूनच येतो. त्यांच्या सांबारात गूळ असतो, पण आता त्याचीही सवय झाली.

इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचं काम मी खोलीवरच करते. संध्याकाळी मशीनच्या भागांची ड्रॉइंग्ज मॉडेम लावून फोनच्या लाइनवरून पाठवायची असतात. महिनाभर रोज सातच्या सुमाराला फाइल अर्ध्यातच तुटायची. मी वायर बदलली, फाइलचे तुकडे करून पाहिले, साहेबांची बोलणी खाल्ली. काल मात्र ती एका दमात गेली.

आज लाइनमन आला. म्हणाला, “लाइन सरी आहे, एकदम ठीक आहे, अक्का. पण हिच्यावर कॉल वेटिंग आहे. मॉडेम चालू असताना कोणी फोन केला की कनेक्शन तुटतं. तुम्हाला रिंग ऐकूच येत नाही.”

मग लख्ख कळलं. सातला नाक्यावरच्या बूथवरून खुशालीची एक रिंग देऊन फोन ठेवणारे तुम्हीच. मी समजत होते, नोकरीसाठी इतक्या लांब आले म्हणून तुम्ही रुसलात आणि रिंग द्यायची सोडलीत.

यापुढे तुमची रिंग आल्याशिवाय मॉडेम लावणार नाही. गुडघा फार दुखत असेल तर शेजारच्या बाळकाकांना बूथवर पाठवा, पण रिंग द्या.

कालच्या फाइलबद्दल साहेबांनी शाबासकी दिली. बाबा, काल सातला तुम्ही कुठे होतात?

तुमची,
सिद्धी