फाटकापाशी ठेवलेला मध

रॅनफर्ली, १४ मार्च २००४

चि. नेरिडा हिस,
अ. उ. आ.

तू टिमारूला राहायला गेलीस आणि माझ्या चहाची चवच गेली. तुझं आणि ग्रेमचं फाटलं; माझा मुलगा असला तरी त्याच्या मुखदुर्बळपणाला मीही कंटाळते. पण मी तुला सून म्हणून सोडलेलं नाही, हे आधीच लिहून टाकते.

वाटणीचे कागद आले. मधपेट्या, ट्रक, मध काढायचं यंत्र, सगळ्याची किंमत करून निम्मी तुझी. लोकांच्या ज्या शेतांवर आपण पेट्या ठेवतो, त्या जागांपुढे मात्र शून्य! करार नाही, भाडं नाही, वर्षाला एक बादली मध आणि तोंडचा शब्द, म्हणून किंमत नाही म्हणे. एवढ्यात तुझं घर होईल का गं?

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी आई आयला

टिमारू, २८ मार्च

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

घराचं जमत नाही. स्वयंपाकघरात ऊन येणारं एक पाहिलं होतं, ते सोडलं. वकीलबाई म्हणतात, जागांशिवाय पेट्या म्हणजे नुसती लाकडी खोकी, भांडा त्यासाठी. पण त्या जागांची किंमत धरली तर ग्रेमला पेट्या विकून माझा वाटा द्यावा लागेल. माश्यांवाचून तो जगेल कसा? मी सही करणार आहे.

शून्य पाहून संताप मात्र झाला. इतकी वर्षं त्या शेतवाल्यांच्या घरोघरी मधाची बादली घेऊन बसले ती मी! डुगल स्ट्रँगचे दगडासारखे स्कोन-पाव चहात बुडवून खाल्ले, तेही मीच. यंदाचा मध वाटला का?

गुडघ्याला जपा. आठवण ठेवता तशी ठेवा.
तुमची नेरिडा

रॅनफर्ली, २० एप्रिल

चि. नेरिडा हिस,
अ. उ. आ.

मध वाटला, आणि घोटाळा झाला. माणसांशी बोलायचं टाळायला ग्रेमसाहेबांनी सगळ्या बादल्या शेतवाल्यांच्या फाटकापाशी ठेवल्या आणि घरी परतले. आठवड्यात डुगलचा फोन, पेट्या उचला. मागोमाग आणखी दोघांचा. मी डुगलला गाठलं. तो म्हणाला की, मध काय दुकानातही मिळतो. पण माझी बायको गेल्यापासून तिचं नाव काढायला नेरिडाशिवाय कोण येत होतं? फाटकाशी बादली म्हणजे भाडं झालं, आणि मी जागा भाड्याने दिलेली नाही.

ग्रेम जेवला नाही. तू तिथे बसून काय बोलायचीस, असं मला विचारत होता. मी म्हटलं, तिलाच विचार. तू ये, असं मी म्हणत नाही. म्हणजे, म्हणतेच आहे. पण नकोच येऊस.

रागावू नकोस या म्हातारीवर.
आयला

टिमारू, ३० मे

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि रागात सही करून मोकळी होणार होते. पण फोन उचलला. ग्रेमला सांगितलं की बादली आत न्यायची, बूट दाराशी काढायचे, डुगलच्या बायकोच्या गुलाबांचं विचारायचं आणि स्कोनला नाही म्हणायचं नाही. तो नुसता हूं हूं करत होता.

काल तो स्वतः इथे आला आणि झालं ते सांगितलं. डुगलने त्याला दोन तास बसवून घेतलं, पेट्या राहू दिल्या. बाकीच्या दोघांनीही. मग ग्रेमने वाटणीचे कागद करणाऱ्या हिशेबनिसांना सांगितलं की जागांपुढचं शून्य खोडा, त्या जागा नेरिडाने राखल्यात. माझा वाटा तो दर हंगामाला थोडा थोडा देणार आहे. पेट्या विकायच्या नाहीत. वकीलबाईंचं म्हणणं, एवढ्या आधारावर कर्ज मिळेल. ते उन्हाचं घर अजून कुणी घेतलेलं नाही.

आई, मी परत येणार नाही. तेवढं मनाला लावून घेऊ नका. पण तुम्हाला हे सांगायलाच हवं. तो आला तेव्हा मी खिडकीत होते. त्याने माझ्यासाठी आणलेली मधाची बादली माझ्या फाटकापाशी ठेवली, वळला, गाडीपर्यंत गेला. मग परत आला, बादली उचलली आणि दार वाजवलं. बूट काढले. मी कशी आहे, असं विचारलं, आणि उत्तर ऐकायला थांबला.

तुम्ही सूनच म्हणत राहा.
तुमची नेरिडा