तोफेच्या डावीकडची खुर्ची

भांडुप,
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप धोंडूमामा यांस भांडुपहून भाचा देवेश याचा वाकून (कंबर धरल्यामुळे अर्धवटच) नमस्कार.

तुमचा गुडघा, मामीचा खोकला आणि नवीन इन्व्हर्टर, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. फोनवर तोफेचा विषय काढला की देवगडची रेंज नेमकी जाते, म्हणून हे पत्र.

तेजलचे वडील अंबादासकाका तुम्हाला ठाऊक नाहीत. गोदीत जहाजांच्या दुरुस्तीवर अख्खी नोकरी झाली, आता जोगेश्वरीच्या घरात युद्धनौकांची मॉडेलं करतात. (घरात माणसांपेक्षा जहाजं जास्त, आणि काचेची कपाटं जहाजांना.) आईला धास्ती होती की माझं नि तेजलचं लग्न जातीवरून अडेल. काकांनी जातीचा ज सुद्धा काढला नाही. अडलं ते तोफेच्या बैठकीवर, म्हणजे तोफ जिच्यावर बसते आणि फिरते त्या सांगाड्यावर. त्यांच्याकडे, तुम्ही नौदलात ज्या बोटीवर होतात तिचंच मॉडेल पुढच्या तोफेवाचून अर्धवट पडलं होतं, आणि मी तोंड वर करून बोललो की माझे मामा त्याच तोफेवर होते, मी करून आणतो. काका म्हणाले, बैठक बरोबर आण, मग लग्नाचं बोलू.

रेंज जायच्या आत तुम्ही फोनवर जेवढं सांगितलंत तस्संच केलं. कवच मागून बंद, आत डावीकडे तुमची खुर्ची. नळी इंजेक्शनच्या सुईची, कवच पावडरच्या डब्याचं, खुर्ची स्टेपलरच्या पिनेची. (खुर्ची चिकटवताना माझं बोटही चिकटलं, ते वेगळं.) झकास झालं होतं. पण मध्ये खंडेनवमी आली. आईने विळी, हातोडी आणि माझा लॅपटॉप यांच्या रांगेत तोफही पाटावर मांडली, "शस्त्रच ना तां?" म्हणत हळदकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. एक तांदूळ नेमका बैठकीत गेला आणि तोफ फिरायची थांबली.

तशीच ती जोगेश्वरीला नेली. काकांनी भिंग लावलं. चिमट्याने तांदूळ काढून बशीत ठेवला. कुंकू बघून हा कुठला प्राइमर म्हणून विचारलं, मी म्हटलं लोकल. मग म्हणाले, मागून बंद आहे तर गोळे आत कोण देणार? आणि ह्या तोफेला खुर्चीच नव्हती, माणसं उभी असायची. त्या बोटीवर तशी एकच खुर्ची, भटारखान्याच्या दारात डावीकडे, कांदे सोलायला बसायची. तिचा मोडलेला पाय त्यांनी स्वतः वेल्डिंग करून दिला होता. तेजल इतकी हसली की मला वर बघवेना. वाट लागली, मामा. लहानपणी तुमच्या तोफेच्या जिवावर मी पोरांत भाव खाल्लाय, त्यामुळे वाईटही वाटलं.

मामीस नमस्कार सांगा.

तुमचा,
देवेश

ता. क. : काकांनी नाही म्हटलेलं नाही. म्हणतात, मामाला घेऊन ये, तोफेवर होता की कांद्यांवर ते त्याने माझ्या तोंडावर सांगावं. तुमच्या घरात खरं बोलणारं एक तरी माणूस दिसलं की तारीख काढू. रविवारी याच. तेजलशिवाय माझं काही खरं नाही.

ता. ता. क. : आईने पत्र वाचलं. तिला कांद्यांचं पहिल्यापासून ठाऊक होतं. पण भाऊ तोफेवर आहे असं तिने अख्ख्या चाळीला सांगितलंय, ते ती आता फिरवणार नाही, आणि रविवारी तीही येणार आहे. तेव्हा काय कबुली द्यायची ती काकांना स्वयंपाकघरात नेऊन द्या. बाहेरच्या खोलीत तुम्ही तोफेवरच होतात.