डावी सीट

४ ऑक्टोबर

पुन्हा बंद पडली. पाण्याच्या टाकीच्या वळणावरच. आणि पुन्हा मी शेजारी बसलेली असतानाच!

ह्यांनी नेहमीचा उसासा टाकला, बॉनेट उघडायला म्हणून उतरले, आणि गटाराच्या काठावर पाय सटकला. घोट्याच्या वर मोडलाय. गाडी दोरीने ओढून घरी, हे दवाखान्यात, आणि मी दोघांच्या मधे पर्स धरून उभी.

प्लास्टर ओलं होतं तोवरच वन्सं हजर. ह्यांची थोरली बहीण. आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू कशाला बसतेस गं तिच्यात? माहितीये ना तुला."

माहितीये. सगळ्या खानदानाला माहितीये.

५ ऑक्टोबर

झोप नाही. लिहून टाकते.

गाडी ह्यांनी मागच्या शेडमध्ये स्वतः बांधली. भंगारातल्या गाडीचं इंजिन, आणि वर जुन्या शर्यतीच्या गाड्यांसारखं अंग. लांब नाक, गोल दिवे, छप्पर नाही, सीट दोनच. रंग लाल. तिच्यापायी किती सुट्ट्या गेल्या ते विचारू नये. मी तक्रार केली नाही. वाटायचं, एकदा झाली की दोघं हिंडू.

पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा मी केसांना रुमाल बांधून डावीकडे बसले होते. टाकीच्या वळणावर धापा टाकल्या आणि बंद. घरी आलो तर सासूबाई दारातच. "हिचा पायगुणच तसला." हे हसले. नुसते हसले, पण ते हसणं मी अजून विसरले नाही.

तेव्हापासून तेच. मी बसले की टाकीशी बंद. मग मी उतरायचं, चालत घरी यायचं, आणि हे थोडी खुडबुड करून पुढे जायचे. वन्संना घेऊन हीच गाडी डोंगर चढून आली. ह्यांच्या मित्रांना घेऊन कुठे कुठे गेली. भाचीच्या लग्नाला गाडी न्यायची ठरली तेव्हा मी आपण होऊन बसने गेले. उगाच माझी सावली नको.

नोकरीभर टेलिफोन खात्यात लाइनी तपासल्या मी. तक्रार आली की मीटर घ्यायचा आणि दोष कुठे आहे तो हुडकायचा. असल्या बाईने पायगुण मानू नये. पण खोटं कशाला लिहू, मानायला लागले होते. घरात काचेचं भांडं फुटलं तरी वाटतं, आपणच.

आता पाय मोडला तोही माझ्याच खात्यावर. बस्स झालं. मला दोष शोधायचाय.

८ ऑक्टोबर

"गाडीला हात लावू नकोस. मी उठलो की बघतो." — बरं, म्हटलं.

९ ऑक्टोबर

हात लावला.

किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात फिरतो, इंजिन काही पकडत नाही. आतून ओरडा — "कोण आहे शेडमध्ये?" म्हटलं, झाडतेय. "झाडताना गाडी चालू करतात का?" किल्ली काढून घेतली. पाय प्लास्टरमध्ये आहे, कान नाहीत.

११ ऑक्टोबर

वन्सं ह्यांना तपासायला घेऊन गेल्या. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. भला माणूस. त्याने बाटलीतलं थोडं पेट्रोल सरळ कार्बोरेटरमध्ये ओतलं. गाडी लगेच चालू! जरा वेळ गुरगुरली, मग धाप लागली, बंद. अगदी टाकीपाशी पडते तशी.

"इंजिन ठणठणीत आहे ताई. पेट्रोलच पोचत नाहीये." पंप मागे डिकीखाली आहे, विजेचा. किल्ली फिरवली की टकटक वाजायला हवा. वाजत नव्हता. म्हणाला, पंप गेला, नवा मागवतो. त्याला दुसरं गिऱ्हाईक होतं, गेला.

मी कपाटातून माझा जुना मीटर काढला. किती वर्षांनी हातात धरला! पंपाच्या वायरीला लावला तर काटा हलेना. म्हणजे पंप बिचारा उपाशी होता, करंट मधेच कुठेतरी अडत होता. साडी खोचली आणि वायर धरून मागून पुढे निघाले. गालिच्याखालून, सीटखालून, डॅशबोर्डच्या पोटात. तिथे उताणी पडून टॉर्च मारला.

स्विच. लहानसा, काळ्या पट्टीत गुंडाळलेला. चालवणाऱ्याच्या गुडघ्यापाशी, गुडघा जरा वर केला तर लागेल असा.

दाबला. मागे पंप टकटक वाजायला लागला.

सांधा बघितला. सोल्डरचा डाग गोल, चकचकीत, वायरीला आधी पीळ दिलेला. हे डाग द्यायला ह्यांना मीच शिकवलं होतं, लग्न झालं त्या वर्षी.

१२ ऑक्टोबर

गॅरेजवाल्याला फोन केला. "बसवतात तसा. चोराने नेली तर थोडी जाऊन बंद पडावी म्हणून. साहेबांनीच बसवलेला असणार, त्यांना विचारा ना."

साहेबांनीच.

घरापासून निघाल्यावर गुडघ्याने पंप बंद करायचा. कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल टाकीच्या वळणापर्यंत पुरतं. मग उसासा, बॉनेट, "जा तू घरी, मी बघतो." मी वळले की स्विच चालू, आणि साहेब वाऱ्यावर. वन्सं बसल्या की गुडघा जागच्या जागी!

अंगाची लाही लाही होतेय. दुसरी कोणी असती तर एक वेळ समजलं असतं, भांडले असते, तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण कोणी नाही. मला माहितीये, कोणी नाही. नुसतं मी नको.

आणि पायगुण? तो सासूबाईंच्या तोंडून आयताच मिळाला, ह्यांनी वापरून घेतला. मी अपशकुनी म्हणून दारात उभी राहत होते तेव्हा हा माणूस सगळं जाणून होता. एकदाही म्हणाला नाही की नाही गं, तसं काही नसतं.

१४ ऑक्टोबर

पायाखाली उशी देताना सहज विचारलं, "मी बसल्यावरच का हो बंद पडते?"

डोळ्याला डोळा न देता म्हणाले, "काही गोष्टींना कारण नसतं."

तोंडात मारल्यासारखं झालं. उशी नीट लावली मात्र. इतक्या वर्षांची सवय.

१८ ऑक्टोबर

काम झालं.

ह्यांचा स्विच आता नुसता शोभेचा. दाबला काय, न दाबला काय, दोन्ही वायरी मागे जोडून टाकल्यात. आणि डाव्या सीटच्या गादीखाली मी माझा बसवलाय. गादीवर वजन आलं तरच पंपाला करंट. सीट रिकामी असली तर गाडी टाकीपर्यंत. डाग इतके सुरेख पडलेत की कोणाला तरी दाखवावेसे वाटले.

ह्यांना इंजिन कळतं, पत्रा कळतो. वायरिंगशी जेमतेम ओळख. तीही माझ्यामुळेच.

२३ नोव्हेंबर

प्लास्टर निघून आठवडा झाला. आज गाडी बाहेर. वन्सं बघायला आलेल्या. मी रुमाल बांधून पुढे झाले. "मी येते."

ह्यांचा चेहरा! वन्सं म्हणाल्या, "आत्ताच बरा झालाय, कशाला विषाची परीक्षा?" हे म्हणाले, "बसू दे गं." केवढा मोठेपणा.

गल्लीच्या टोकाला गुडघा वर झाला. टिक. मी झाडं बघत बसले. टाकी आली. टाकी गेली! पुन्हा टिक. पुन्हा टिक. गाडी लोण्यासारखी चाललेली. मग डोंगराचा रस्ता, वरचं वळण, खाली पसरलेलं अख्खं गाव. मला हे कोणी कधी दाखवलंच नव्हतं. वारा इतका होता की डोळ्यातून पाणी आलं. वाऱ्यानेच.



२४ नोव्हेंबर

आज एकटे निघाले. लंगडत चालत परत आले.

२७ नोव्हेंबर

नवा पंप आणला. नवी जाळी. कार्बोरेटर खोलून पितळी सुया फुंकून झाल्या. कार्बोरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतून एकटे गेले, टाकीशी बंद. आजूबाजूची पोरं आता टाळ्या वाजवतात म्हणे.

३० नोव्हेंबर

शेडमध्ये चहा नेला. हे जमिनीवर, हाताला ग्रीस, रडकुंडीला आलेले. कप हातात घेऊन मी सहज डावीकडे बसले. मागे पंप टकटक.

"लागला! लागला!" पोरासारखे उड्या मारायचे बाकी होते. उठले तर मीही उठले. पंप गप्प. मी बसले. टकटक.

हे माझ्याकडे बघत राहिले. कळलं का? नाही. ह्यांना दुसरंच काहीतरी वाटलं, आणि त्याची भीती वाटली. मी चहा संपवला. इतका गोड चहा बऱ्याच वर्षांत प्यायले नव्हते.

७ डिसेंबर

वन्संचा फोन. "अगं, तुझ्यावाचून गाडी चालतच नाही म्हणे! मी म्हणतच होते, पायगुण चांगला आहे तुझा."

कधी म्हणत होत्या?

१४ डिसेंबर

आता दर रविवारी दोघं. हे समोर बघतात, मी बाजूला. सगळीकडे जातो. ह्यांचे मित्र हात हलवतात. मी जिंकलेय, असं मनाशी दोनदा म्हणून पाहिलं.

ह्यांचे हात चाकावर कसे आवळलेले असतात ते आज पाहिलं. दाढदुखीवाला डॉक्टरच्या दारात बसतो तसे बसलेले असतात. आणि त्या दुखण्याच्या शेजारी मी, स्वतःच्या हाताने जोडून घेतलेली.

२१ डिसेंबर

डोंगरावर थांबलो होतो. हेच बोलले, कधी नव्हे ते.

"मला एकट्याने जायला आवडतं. पहिल्यापासूनच."

म्हटलं, "मग तसं सांगायचं."

"तुला वाईट वाटलं असतं."

मी हसले. हसतच सुटले. हे घाबरून म्हणाले, "काय झालं?" काय सांगणार! मला वाईट वाटू नये म्हणून ह्या माणसाने मला जन्माची पांढऱ्या पायाची करून ठेवली. आणि अजूनही त्याला वाटतंय की त्याने माझा विचार केला.

स्विचचं नाव दोघांनीही काढलं नाही. परत येताना टाकीचं वळण आलं तेव्हा मला पहिल्यांदाच वाटलं, आत्ता बंद पडावी.

२२ डिसेंबर

घराबाहेर, लांब एका पेट्रोल पंपावर बसून लिहितेय. सकाळी हे दाढी करत होते तेव्हा किल्ली घेतली. खात्याची जीप चालवलेला हात, विसरला नव्हता. चाकामागे मी बसले. डाव्या सीटवर माझी बॅग ठेवली, कपड्यांची. तेवढं वजन पुरलं.