लाल बटण

तळोदा, शनिवार संध्याकाळ

छंदापायी अक्कलकुव्याहून आणलेल्या लाकूड कोरायच्या जुन्या सीएनसी राउटर मशीनला आज जास्त ताकदीची मोटर बसवली. चालू करताच ती फिरत्या पात्यासकट भलतीकडे, थेट माझ्या हाताकडे सरकू लागली. थांबवायचं लाल बटण दाबलं, काही झालं नाही. शेवटी प्लग उपटला. मशीनची विजेची पेटी उघडली, तर बटण वगळून तारा परस्पर जोडलेल्या.

विकणाऱ्या सुतारभाऊंना फोन केला.

"मशीन घडी घडी बंद पडे, म्हनीसन मीच तारा जोडी दिन्ह्यात," ते म्हणाले. वर म्हणाले, "मन्हा दोन बोटं गयात, पन मशीन चांगलं शे."

मशीन बघायला गेलो तेव्हा त्यांनी उजवा हात खिशातून काढलाच नव्हता. ते माझ्या लक्षात आलं होतं. विचारलं का नाही? कारण कळलं असतं तर मशीन घ्यायची हिंमत झाली नसती, म्हणूनच.

उद्या बटण नीट करून पुन्हा चालू करणार. बायकोला यातलं काही सांगितलेलं नाही.