ताल, नमुना क्रमांक चार

१२ फेब्रुवारी, गुरुवार

समितीचं पत्र आलं. तराईतल्या अभयारण्यात तेलाची चाचणी विहीर खणायची की नाही, हे सांगणाऱ्या सात जणांत मी एक. परागकणांची तज्ज्ञ म्हणून. आमच्या संस्थेचे संचालकही त्यात. संचालकांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "बधाई हो डॉक्टर साहिबा. बस दस्तख़त करने हैं, बाकी सब तैयार है।" बाकी सगळं तयार आहे तर तज्ज्ञ कशाला हवा, शाई वाळवायला? चहा संपवून उठले.

विहिरीची जागा बडका तालाच्या अगदी काठावर! नकाशा तीनदा उलटासुलटा करून बघितला. नोकरीतल्या दुसऱ्या वर्षी त्या तळ्याच्या काठी पाच दिवस राहिले होते, माती गोळा करायला. डोक्याच्या वर गेलेलं गवत, त्यात बारहसिंगे, आणि सारसांची एक जोडी रोज सकाळी आमच्यावर ओरडायची. तिथे ड्रिलिंग!

श्रीकांत म्हणाले, आधी सोबत आलेला अहवाल वाच, मग चिड. नवऱ्याचं बरोबर असतं तेव्हा जास्त राग येतो.

१४ फेब्रु., शनिवार

अहवाल विटेएवढा जाड. सकाळपासून वाचतेय. सार एवढंच: "तालाकाठचं गवत आधीच शेतीने बिघडलेलं आहे, नैसर्गिक उरलेलं नाही, सबब विहिरीने होणारं नुकसान नगण्य." पुरावा? नमुना क्र. ४, तालाकाठची माती. तिच्यात म्हणे मोहरीचे पराग भरपूर आणि निलगिरीचेही.

मोहरी? तालाच्या काठी? जिथलं रान तिथले पराग मातीत साचतात, आणि मोहरीचा पराग चिकट, तो काही कोसभर उडत येत नाही. जवळपास शेत नाही तर मोहरी आकाशातून पडली का? पहिल्या वर्षाचं पोरही ही चूक करणार नाही. कोणत्या दीडशहाण्याने हे तपासलं म्हणून मोठ्याने ओरडले. मनू आतून म्हणाली, "मम्मी, बोर्ड है मेरा, धीरे।"

परिशिष्ट उघडलं. तपासणी प्रमाणपत्र. खाली सही.

सही माझी.

१५ फेब्रु., रवि.

आठवलं. गेल्या मार्चमध्ये हा अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपनीने मातीच्या पुड्या पाठवल्या होत्या. १ ते १२ अभयारण्याच्या आतल्या, १३ ते १६ बाहेरच्या शेतांतल्या, तुलनेसाठी. मोजणी प्रखरने केली, माझ्या हाताखाली पीएचडी केलेला. मार्चअखेर, टेबलावर फायलींचा डोंगर, मी शेवटचं पान उघडून सही केली. प्रखरवर विश्वास होता म्हणून. पुढच्याच महिन्यात तो त्याच कंपनीत रुजू झाला. मी त्याला शिफारसपत्रही दिलं होतं! कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. फक्त यातलं कुंपण प्रखर की मी, ते लिहायला हात होत नाही.

१६ फेब्रु., सोम.

लॅबमध्ये गेल्या गेल्या रामअवधजींना सांगितलं, त्या कामाची पेटी काढा. हे आमचे टेक्निशियन. मी इथे आले तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचा तेच बनवतात. एकतीस मार्चला निवृत्त होणार.

क्र. ४ ची काच घेतली. छापील लेबल, "बडका ताल, आतील". सूक्ष्मदर्शकाखाली नुसती मोहरी. म्हणजे मोजणी खोटी नव्हती. मग?

रामअवधजी मागे उभे होते. म्हणाले, "मैडम, कागज हटाके देखिए।"

त्यांची जुनी सवय. काच तयार झाली की हिऱ्याच्या पेन्सिलीने पुडीचा नंबर कोपऱ्यात कोरायचा, लेबल मग कुणीही लावो. आम्ही सगळे हसायचो त्यांना. लेबल ओलं करून सोललं.

खाली कोरलेलं होतं १४.

शेतातली माती! तालाचं नाव लावून शेत मोजलं. आणखी तीन काचा सोलल्या. तिन्हींचं तेच. पुढची मी इतक्या रागाने ओढली की रामअवधजींनीच ती माझ्याकडून काढून घेतली.

१७ फेब्रु.

प्रखरला फोन. आधी "मॅम, कैसी हैं आप", तब्येतीची चौकशी. विषय काढला. मग: "मॅम, अंदर वाले पैकेट में पानी चला गया था। क्लायंट बोले बगल वाले से काम चला लीजिए। बगल में ही तो है।"

बगलेत! जंगल आणि शेत यांच्यामध्ये फक्त कुंपण, म्हणून जंगल म्हणजे शेत?

मी बोलत सुटले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी हळू म्हणाला, "लेकिन मॅम, साइन करने से पहले आपने देखा था ना?"

फोन मी ठेवला.

२० फेब्रु., शुक्र.

संचालकांना काचा दाखवल्या. त्यांनी बघितल्या नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचा सल्ला: समितीत मौन पाळा, नाहीतर तब्येतीचं कारण सांगून नाव काढून घ्या, संस्थेचं नाव जपा. मी म्हटलं, सही मागे घेते. तर म्हणाले, "शौक़ से। पर कारण लिखना होगा। लिखेंगी क्या? कि बिना देखे दस्तख़त किए थे? फिर आपके पुराने सारे सर्टिफ़िकेट कौन मानेगा? सोच लीजिए।"

धमकी नव्हती. तेच जास्त लागलं. खरं तेच सांगत होते.

२२ फेब्रु., रवि.

श्रीकांतशी कडाक्याचं भांडण, मटार सोलता सोलता. रेल्वेतले इंजिनिअर, त्यांना सगळं रुळांवर हवं. म्हणे, "हात दाखवून अवलक्षण कशाला? तुझ्या एका सहीने काय विहीर थांबणार आहे?" आणि पुढे, "तेल देशाला लागतंच. बाहेरून आणतो तेव्हा दुसऱ्या कुणाचं तरी रान जातंच ना? तू अलीगंजहून लॅबला स्कूटरने जातेस, त्यात काय पाणी घालतेस?"

हे त्यांचं खरं आहे. मला नाकारता आलं नाही आणि म्हणून मी जास्त ओरडले. तेल नको असं माझं म्हणणंच नाही. ठेवा ना दोन्ही पारड्यांत, एकीकडे तेल, एकीकडे ताल. वजन करा आणि तेल जड भरलं तर सांगा देशाला तोंडावर की आम्ही ताल देतोय. पण तालाच्या पारड्यात शेतातली माती ठेवून "बघा, हलकं आहे" म्हणायचं? भाजीवाल्याने काट्याखाली चुंबक लावलं तर आपण रस्त्यात तमाशा करतो.

मनू म्हणाली, "पापा, मम्मी तेल पे नहीं, झूठ पे गुस्सा है।" श्री. मटार सोलत राहिले. मग म्हणाले, "आणि स्वतःवर." माणूस ओळखून आहे मला.

४ मार्च, होळी

दुपारी तेलीबागला, रामअवधजींकडे. दरवर्षी गुजिया, म्हणजे आपल्या करंज्या, खायला बोलावतात, यंदा शेवटची होळी नोकरीतली. गावाहून पुतण्या आलेला, सुनील. गाव अभयारण्याला लागूनच, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं! सुनील आयटीआय झालेला, दोन वर्षं घरी बसून. तेल कंपनीची माणसं गावात येऊन नावं लिहून गेलीत, त्यात याचं आहे. रामअवधजींच्या पत्नी गुजिया वाढत म्हणाल्या, "कुआँ खुद जाए तो इसका ब्याह भी हो जाए।"

हातातली गुजिया ताटलीत ठेवली.

सुनीलला विचारलं, आणि तालाचं? "मैडम, ताल तो हम भी जानते हैं। सारस का जोड़ा है वहाँ, अम्मा हाथ जोड़ती हैं। पर सारस नौकरी तो नहीं देगा।" उद्धट नव्हता. जंगल वाचवायची भाषणं एसी हॉलमध्ये ठोकणाऱ्या आम्हा लोकांपैकी एकानेही या मुलाला काही विचारलं असेल का? यावरही चीड आली. हल्ली कशावरही येते.

निघताना फाटकापाशी रामअवधजींना विचारलं, आतल्या पुड्या खरंच वाया गेल्या होत्या? त्यांनी मागे घराकडे बघितलं.

"गीली थी। सुखा के बना दिए थे हम। दो-दो बनाते हैं हमेशा।"

म्हणजे खऱ्या क्र. ४ ची काच आहे. कुठे आहे ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. त्या घरची गुजिया खाऊन कसं विचारणार?

९ मार्च, सोम.

सकाळी टेबलावर रुमालात गुंडाळलेली काच. लेबल नाही. कोपऱ्यात ४.

रामअवधजी खिडकीशी बीकर धूत होते. पाठ माझ्याकडे. म्हणाले, "लड़के का हम कहीं और देख लेंगे। नहीं भी मिले... पर मैडम, जो काँच पे लिखा है वो लिखा है।" एवढंच. मग नळ जोरात सोडला.

दिवसभर मोजले. गवत, गवत, लव्हाळा, थोडा सालवृक्ष, पाणवनस्पती. मोहरी नाही. निलगिरी नाही. ताल जसा मी बघितला होता तसाच काचेवर. डोळे भरून आले आणि मोजणी दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून केली.

११ मार्च

गॅसवाल्याने सिलिंडर आणला, सहीला कागद पुढे केला. पूर्ण वाचला, मागची बाजूही. तो बिचारा उभा. "मैडम, सिलेंडर ही है, जायदाद नहीं।" मनू हसून हसून लोळली. मी नाही हसले.

१६ मार्च, सोम.

पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात "कामाच्या ओघात", दुसऱ्यात "अनवधानाने", तिसऱ्यात "सहकाऱ्यावर विसंबून". तिन्ही फाडले. प्रखरच्या शब्दात आणि माझ्या शब्दात फरक काय उरला मग? त्यालाही "काम चला लीजिए"च हवं होतं.

चौथा: "प्रमाणपत्रावरील सही माझी आहे. काचा न बघता मी ती केली. काचा तालाच्या नाहीत. सही मागे घेत आहे."

समितीसाठी हिंदीत केलं. श्री.नी वाचलं, एक वेलांटी सुधारली. चहा करून आणला.

१९ मार्च, गुरु. पाडवा

इथे उत्तरेत पाडव्याची सुट्टी नसते. बाल्कनीत गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला आणि समितीला गेले.

पत्र उभं राहून वाचलं. "काचा न बघता" ला आवाज चिरकला. संचालक टेबलाकडे बघत होते. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "जो बिना देखे दस्तख़त करती हैं, उनके आज के काग़ज़ को हम क्यों मानें?"

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. तरी चपराक बसलीच.

म्हटलं, "मत मानिए। मुझे मत मानिए। काँच देखिए।" सूक्ष्मदर्शक सोबत नेला होता. दोन्ही काचा मांडल्या, कोरलेल्या नंबरांसकट. कुणी जागचं हललं नाही. सहा शिकलेली माणसं आणि एका काचेत डोकावायला कुणी उठेना! मग कोपऱ्यातले वनखात्यातले निवृत्त गृहस्थ उठले, चष्मा काढला, वाकले. बराच वेळ बघितलं. पहिली काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. "इसमें सरसों कहाँ है?" "नहीं है, सर।" ते वाकलेलेच राहिले.

निर्णय पुढच्या बैठकीत. तारीख नाही. माझं पत्र नोंदीत घ्यायचं की नाही, हेही पुढच्या बैठकीत. काचा त्यांनी ठेवून घेतल्या. पोच मागितली, "भेज देंगे" म्हणाले.

संध्याकाळी रामअवधजींचा फोन. मागे सुनीलचा आवाज येत होता, जेवायला बोलावत होता.

"मैडम, कुएँ का क्या हुआ?"

"अभी कुछ तय नहीं हुआ।"

"अच्छा," म्हणाले. त्यांना कोणतं उत्तर हवं होतं ते त्या अच्छावरून कळलं नाही. मग म्हणाले, उद्या लवकर या, पेटीतल्या बाकीच्या काचांचीही लेबलं सोलून बघू.